बेटांवरची पावसाच्या पाण्याची टाकी लातूर-बीडकडे चालेल का?

उदगीरकर
नववीच्या वर्गाला हवामानबदल शिकवताना प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाचं उदाहरण घेतोय. तिथं घरोघरी छताचं पाणी साठवून पितात. बेटावर विहिरी असून त्यांचं पाणी का पुरत नाही? आणि आपल्याकडं 100 चौरस मीटर छताच्या घरात पाच माणसांना तशी टाकी किती मोठी लागेल? पाऊस 700 मिमी धरा.

भूजल_परभणी
सर, प्रवाळबेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. गोड्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटर गोडं, असा ढोबळ हिशोब. छोट्या बेटावर ही पातळी मीटरभरही नसते आणि मधला पट्टा मिसळलेला, म्हणून थर पातळच. बोअर मारून जोरात उपसलं की खालचं खारं पाणी सुळक्यासारखं मोटारीकडं चढतं. त्यामुळे किरिबाती या तिथल्याच दुसऱ्या बेटदेशात, बोनरिकी गावी, वरच्या थरात आडवे भोकांचे पाइप टाकून सगळीकडून थोडं थोडं ओढतात. समुद्राची पातळी वाढतेय तसं उधाणाचं पाणी जास्त आत शिरतं आणि वरूनही मीठ मुरतं. मग विहीर गोडी व्हायला कित्येक महिने जातात.

मुलांना हेही सांगा: 2011 मध्ये तुवालूत पाण्यासाठी आणीबाणी लागली ती ला निनाच्या (प्रशांत महासागराचा मधला-पूर्वेचा भाग नेहमीपेक्षा थंड) काळात, आणि आपला 2015 चा दुष्काळ एल निनोच्या (तोच भाग नेहमीपेक्षा गरम) वर्षातला. समुद्र तोच, फटका उलटा.

हौद_बांधणी
1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. तुमच्या छतावर 70,000. उडणं-सांडणं वीस टक्के वजा करा, 56,000 उरले. सगळं साठवायच्या नादी लागू नका, खर्च झेपणार नाही. पिणं-स्वयंपाक माणशी 8 लिटर, कोरडे दिवस 240, म्हणजे 9,600. अडीच मीटर व्यासाची, दोन मीटर उंचीची गोल टाकी पुरते. उरलेलं गाळून आडात सोडा.

बहुतेक जण फसतात ते पहिल्या पावसाच्या पाण्यात. पक्ष्यांची घाण, धूळ, पाला सगळं त्यात येतं, म्हणून पहिले 2 मिमी, म्हणजे 200 लिटर, बाजूला काढायचे. 4 इंची पाइपात मीटरला जेमतेम 8 लिटर मावतात, त्यामुळं मीटरभर उभा तुकडा लावून काही साधत नाही. 200 लिटरचा ड्रमच लावा. तळाला 3 मिमीचं भोक ठेवा, म्हणजे दोन पावसांमधे तो आपोआप रिकामा होतो. भोक चिखलानं बुजलं की ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढची घाण थेट टाकीत. दर पावसानंतर तार घालून बघा.

उदगीरकर
माळवद, म्हणजे मातीचं छत असेल तर? आणि पाणी आठ महिने टिकेल का?

हौद_बांधणी
माळवदाचं पाणी पिण्याला नको, माती उतरते. स्लॅब किंवा पत्र्याचंच घ्या. टाकीत उजेड गेला की शेवाळ धरतं, म्हणून झाकण घट्ट आणि सांडव्याच्या तोंडाला डासजाळी. 10,000 लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर 25 ग्रॅम. बादलीत कालवून वरची निवळीच ओता, तळाचा चुना नको. अर्ध्या तासानं पाणी वापरा. उघडी राहिलेली पावडर निकामी समजा.