गोडाऊनच्या ग्रॅव्हिटी लाइनला रोलर 50 मिमीचा घ्यावा की 60 चा?

भिवंडी_गाळा

नमस्कार मंडळी. भिवंडीतल्या आमच्या गाळ्यात ट्रकमधून उतरलेला माल पॅकिंगच्या टेबलापर्यंत न्यायला ग्रॅव्हिटी लाइन, म्हणजे मोटरशिवाय उतारावर रोलरवरून माल सरकवणारी लाइन, टाकायची आहे. आधी 8 मीटर सरळ, मग 90 अंशाचं वळण, पुढे आणखी 4 मीटर. दोन टोकांमध्ये उंचीचा फरक जास्तीत जास्त 600 मिमी मिळतो.

माल मिश्र आहे. पुठ्ठ्याचे खोके 6 ते 22 किलो, सगळ्यांत लहान 250 × 200 मिमी, सगळ्यांत मोठा 500 × 400. शिवाय 600 × 400 चे प्लास्टिक क्रेट, भरलेले 25 किलोपर्यंत.

दोन कोटेशन आली आहेत. एकात 60 मिमी व्यास, 3 मिमी जाडीचा पाइप, 20 मिमी शाफ्ट, 6204 टू-आरएस बेअरिंग, पिच (लगतच्या दोन रोलरच्या मध्यांतलं अंतर) 150. दुसऱ्यात 50 मिमी, 1.5 मिमी जाडी, 12 मिमी स्प्रिंग शाफ्ट (बसवताना आत दबणारा), प्लास्टिक हाउसिंगचं बेअरिंग, पिच 75. दोन्हींत फ्रेममधलं अंतर 450. पहिला म्हणतो, दुसऱ्याचा माल वर्षभरात वाकेल. मालकांचा कल साहजिकच जाड रोलरकडे आहे. काय पाहून ठरवावं?

रबाळे_फॅब्रिकेशन

जाड म्हणजे टिकाऊ, हा हिशोब पॅलेटच्या लाइनला लागू पडतो. तुमच्या मालाला तो उलटा बसेल.

आधी पिच काढा, व्यास नंतर. खोक्याखाली कायम किमान तीन रोलर असले पाहिजेत. दोनच असले तर पुढची कड खाली झुकते, पुढच्या रोलरला ठेच लागते आणि खोका तिथेच थांबतो. हिशोब सगळ्यांत लहान खोक्यावर करायचा: 250 भागिले 3, म्हणजे 83. बाजारात पिच 75, 100, 150 असे मिळतात, म्हणून 75. 150 च्या पिचवर तुमच्या लहान खोक्याखाली कधी दोन तर कधी एकच रोलर येईल. पहिलं कोटेशन इथेच बाद होतं.

आता वजन. 22 किलोचा 500 मिमी लांब खोका 75 च्या पिचवर सहा-सात रोलरवर बसतो, पण तळ कधीच पूर्ण सपाट नसतो. निम्मेच रोलर खरा भार घेतात असं धरा. तरी एका रोलरवर सात-आठ किलो येतात. 50 मिमीच्या, 1.5 जाडीच्या पाइपाला हे काहीच नाही. तो वाकेल ही भीती सोडून द्या. फक्त जिथे हमाल वरून खोका आपटतात ते पहिले एक-दीड मीटर 2 मिमी जाडीचे रोलर मागा. धक्का तिथेच बसतो.

खरा प्रश्न आहे रोलर फिरतो किती हलका, याचा. ग्रॅव्हिटी लाइनला मोटर नाही. खोका पुढे सरकताना प्रत्येक रोलरला स्वतःच्या जोरावर फिरवतो. 450 मिमी लांबीच्या 50 × 1.5 पाइपाचं वजन साधारण 820 ग्रॅम भरतं, 60 × 3 चं जवळपास 1.9 किलो. पाइपाचं वस्तुमान सगळं परिघावर असतं, त्यामुळे त्याला गती द्यायला तितकाच जोर लागतो. 6 किलोच्या खोक्याने दोन-दोन किलोचे रोलर एकामागून एक फिरवायचे म्हटलं तर तो अर्ध्या वाटेत उभा राहणार.

टू-आरएस बेअरिंगचं तेच. त्याचं रबरी सील आतल्या रिंगवर घासतं, आत ग्रीसही भरलेलं असतं. मोटरच्या लाइनला ते योग्य, तुमच्या 6 किलोला नाही. हलक्या मालाला हलक्या तेलावर चालणारं किंवा धातूची न घासणारी झाकणं असलेलं, म्हणजे झेडझेड बेअरिंग लागतं. बेल्ट कन्व्हेयरचे आयडलर (पट्ट्याला आधार देणारे रोलर) स्वस्तात मिळतात म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्यांची सीलं याहून घट्ट असतात.

लेआउट_डोंबिवली

वरच्या उत्तराशी सहमत. पण दोन्ही कोटेशनमधलं 450 चुकीचं आहे आणि ते वळणावर कळेल. सरळ भागात 400 रुंदीच्या क्रेटला 450 पुरतं. वळणात क्रेटची आतली बाजू आतल्या रेलला टेकते आणि बाहेरचे दोन कोपरे बाहेर येतात.

हिशोब असा: आतली त्रिज्या अधिक क्रेटची रुंदी, याचा वर्ग. त्यात निम्म्या लांबीचा वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा, आतली त्रिज्या वजा करा. आतली त्रिज्या 800 धरली तर 1200 चा वर्ग अधिक 300 चा वर्ग, वर्गमूळ 1237, वजा 800, उरले 437. मोकळीक म्हणून 50 मिळवा, 487 झाले. म्हणजे वळणाला 500 लागणार. सरळ भागही 500 चाच करा, नाहीतर सांध्यावर पायरी पडते आणि क्रेटचा कोपरा तिथे अडकतो.

वळणात साधे सरळ रोलर टाकू नका. बाहेरच्या बाजूला अंतर जास्त, पण रोलरचा वेग दोन्हीकडे सारखा, त्यामुळे खोका तिरका होऊन रेलला घासतो. त्यासाठी निमुळते रोलर असतात. 800 त्रिज्येला आतल्या टोकाला व्यास 50 असेल तर 500 मिमी पलीकडे तो सुमारे 81 हवा. दुसऱ्या त्रिज्येसाठी बनवलेला निमुळता रोलर इथे चालणार नाही, म्हणून त्रिज्या लिहून घ्या. खर्च कमी करायचा तर एकाच शाफ्टवर दोन आखूड रोलर बसवतात. दोन्ही आपापल्या वेगाने फिरतात. तुमच्या वजनाला तेही चालेल.

शाफ्टबद्दल. 12 मिमीचा गोल स्प्रिंग शाफ्ट बसवायला-काढायला सोपा, पण गोल भोकात तो स्वतःही फिरतो आणि चॅनेलचं, म्हणजे बाजूच्या फ्रेमपट्टीचं, भोक लंबगोल करतो. 11 मिमीचा षटकोनी शाफ्ट षटकोनी भोकात घ्या, ही कटकट उरत नाही. मात्र स्प्रिंगचा रोलर फ्रेमला धरून ठेवत नाही. चॅनेल थोडं फाकलं की रोलर खाली पडतो. म्हणून दर दीड मीटरला आडवा स्पेसर द्या, आणि माल चढवण्याच्या जागी व वळणाच्या दोन्ही तोंडांशी काही रोलर टोकाला आटे पाडलेल्या शाफ्टचे, एम 8 बोल्टने कसलेले ठेवा.

भिवंडी_गाळा

फार उपयोगी माहिती, आभार. दोन शंका. ढाळ किती ठेवू? 6 किलोला पुरेसा दिला तर 25 किलोचा क्रेट सुसाट सुटेल ना? आणि पावसाळ्यात शटरच्या बाजूने झड आत येते. त्याने रोलरला काय होईल?

मेंटेनन्स_तळोजा

ढाळाची भीती रास्त आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांना सरळ भागात साधारण 4 टक्के धरा, म्हणजे मीटरमागे 40 मिमी. वळणात घर्षण वाढतं, तिथे 6 टक्के. शेवटचे दीड मीटर अगदी सपाट. आता बेरीज करा: उताराचे साडेदहा मीटर, त्याचे 420 मिमी. वळणाची मध्यरेषा सुमारे 1.65 मीटर, त्याचे 100. एकूण 520. तुमच्या 600 मधले 80 उरतात. ते खर्च करून टाकू नका. वर-खाली करता येणारे पाय घ्या आणि लाइन चालल्यावर गरज असेल तिथेच वाढवा. पाणसळ लावून प्रत्येक पायाशी तपासा, गाळ्याची फरशी सरळ असेलच असं नाही.

क्रेट आठ मीटर सलग उतरला तर वळणाच्या तोंडाशी जोरात येईल. मध्ये, चौथ्या मीटरच्या आसपास, मीटरभर भाग 1–2 टक्क्यांवर आणा, किंवा वेग आवरणारे दोन-तीन ब्रेक रोलर टाका. ब्रेक रोलर वेगाप्रमाणे आवरतो, त्यामुळे सावकाश येणाऱ्या हलक्या खोक्याला तो फारसा जाणवत नाही. शेवटी रबर लावलेला थांबा हवाच. 75 च्या पिचवर दोन रोलरमध्ये 25 मिमी फट राहते आणि थांब्यापाशी लोक हात घालतात. तिथे पत्रा लावून फट बंद करा.

पावसाचं म्हणाल तर रोलरआधी खोका बघा. दमट हवेत तीन प्लायचा पुठ्ठा मऊ पडतो, तळ दोन रोलरमध्ये झोळ धरतो आणि मार्चमध्ये धावणारा खोका जुलैत थांबतो. दोष रोलरला दिला जातो, तो असतो पुठ्ठ्याचा. 75 चा पिच इथेही कामी येतो. तळाच्या फ्लॅपची चीर प्रवासाच्या दिशेत राहील असा खोका ठेवा. आडवी आली की तिची कड प्रत्येक रोलरला लागते.

रोलरचा पाइप झिंक प्लेटिंगचा घ्या, नुसता रंगवलेला नको, तो घासून निघतो. शटरजवळचे दोन-तीन मीटर पीव्हीसी पाइपाचे आणि स्टेनलेस शाफ्टचे केले तर उत्तम. सगळी लाइन स्टेनलेस करायची गरज नाही. तेलावरची बेअरिंग न फिरता पडून राहिलेल्या रोलरमध्ये लवकर गंजतात, म्हणून लाइन बंद असली तरी आठवड्यातून एकदा सगळे रोलर हाताने फिरवा. जो खरखरतो त्याला खडूने खूण करा. वरून डिझेल किंवा ऑइल मारू नका. पुठ्ठ्याची धूळ त्यात बसते आणि लगदा होतो.

ऑर्डर देण्याआधी दोन मीटरचा नमुना मागा. एका टोकाखाली 80 मिमीचा ठोकळा ठेवला की 4 टक्के झाले. त्यावर तुमचा 6 किलोचा खोका, तोही रात्रभर शटरपाशी ठेवलेला, हात न लावता सुटतो का ते पाहा. हे न करता 160 रोलर घेऊ नका.

लेआउट_डोंबिवली

क्रेटचं एक राहिलं. उलटा करून तळ पाहा. कडेने सलग पट्टी असेल तर छान. नुसत्या आडव्या फासळ्या असतील तर त्या रोलरमध्ये बसतात आणि क्रेट खडखडत, थांबत जातो. मग त्या क्रेटसाठी तळाला सपाट शीट रिव्हेट करून घ्यावी लागते.

रबाळे_फॅब्रिकेशन

ऑर्डरवर ‘50 चा रोलर’ एवढंच लिहू नका. पाइपाचा बाहेरचा व्यास आणि जाडी, फ्रेममधलं आतलं अंतर 500, शाफ्टचा आकार व टोक, बेअरिंग तेलाचं की ग्रीसचं, प्लेटिंग, हे सगळं ड्रॉइंगसह द्या. आठ-दहा रोलर जास्तीचे मागवा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग हवं ते मिळेल, पण या रोलरमध्ये ते पाइपाची कड दाबून बंद केलेलं असतं. बिघडलं की अख्खा रोलरच बदलायचा.