मदत हवी आहे: लांब इंग्रजी शब्दातील आघात कसा ओळखावा?

इंग्रजीतील लांब शब्द मोठ्याने वाचताना आघात (उच्चारातला जोर) कोणत्या सिलॅबलवर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या कोणत्या तुकड्यावर द्यावा, हे मला शब्द पाहून ठरवता येत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या सिलॅबलवर असतो, ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर जातो. इंग्रजीत आघात नसलेला स्वर बहुधा पुसट होत असल्यामुळे, आपण सर्व स्वर ठळकपणे उच्चारून म्हणतो त्या ‘फोटोग्राफी’चा तिकडचा उच्चार ‘फटॉग्रफी’च्या जवळ जातो.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते. अर्थाच्या दृष्टीने या शब्दाचे ‘फोटो’, ‘ग्राफ’ आणि शेवटचा प्रत्यय असे भाग पडतात, तर उच्चारात ‘फ-टॉ-ग्र-फी’ असे चार सिलॅबल ऐकू येतात. मग आधी कोणते भाग पाहावेत? शब्दकोशातील मूळ नोंदीत शब्दाच्या अक्षरांमध्ये दिलेल्या टिंबांवर विसंबावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

टिंबांवर विसंबू नका. अनेक कोशांत ती ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडता येईल एवढेच सांगतात. ओळीच्या टोकाला एकटे अक्षर ठेवायचे नसते, म्हणून ‘अबाउट’सारख्या दोन सिलॅबलच्या शब्दात काही कोश टिंब देतच नाहीत. उच्चारासाठी शेजारची ध्वनिलिपी, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या खुणांत लिहिलेला शब्द पाहा. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत मुख्य आघाताच्या सिलॅबलआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते.

आधी अर्थाचे भाग पाहावेत आणि तेही शेवटाकडून, कारण लांब शब्दांत आघाताची जागा पुष्कळदा प्रत्ययावरून ठरते. ‘-इक’, ‘-इटी’ किंवा ‘-शन’ लागले की आघात सहसा त्यांच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर येतो. ‘इलेक्ट्रिक’मध्ये तो दुसऱ्यावर असतो, ‘इलेक्ट्रिसिटी’त तिसऱ्यावर जातो आणि जाता जाता ‘क’चा ‘स’ही होतो. ‘-नेस’, ‘-लेस’, ‘-फुल’ हे प्रत्यय मूळ शब्दाचा आघात हलवत नाहीत. ‘इंजिनिअर’मधील शेवटचा प्रत्यय मात्र आघात स्वतःकडेच ओढून घेतो, आणि मराठी बोलण्याच्या सवयीमुळे आपल्याकडून तोच बहुतेक वेळा निसटतो. ‘पॉलिटिक्स’ आणि गणिताच्या अर्थाचे ‘अरिथमॅटिक’ हे ‘-इक’च्या नियमाला अपवाद आहेत. ते वेगळे पाठ करावे लागतील.

एकेकटा शब्द घोकण्यापेक्षा एकाच मुळाचे शब्द एकापाठोपाठ मोठ्याने वाचावेत, असे मी आग्रहाने सुचवेन.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. ‘टेलिव्हिजन’चा शेवट ‘-शन’शी मिळताजुळता असूनही कोशात मुख्य आघात पहिल्या सिलॅबलवर दाखवला आहे. ‘व्हिजन’ हा स्वतंत्र शब्द असून त्याला ‘टेलि’ जोडले गेले, म्हणून असे होते का?