दाताच्या दवाखान्यात सेन्सर कोणी धरायचा?

मुलुंडचा_बाळ्या
गेल्या शनिवारी आईला रूट कॅनालसाठी घेऊन गेलो होतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. खालची शेवटची दाढ, आणि एक्सरेचा सेन्सर (फिल्मच्या जागी तोंडात ठेवतात ती छोटी पट्टी) तोंडात गेला की आईला उमासा. डॉक्टर दोनदा वैतागले, मग मदतनीस मुलीला म्हणाले, "तू धर गं." तिने हातमोज्यातलं बोट आईच्या तोंडात घालून सेन्सर दाबून धरला, डॉक्टर दाराबाहेर, पीप. आईच्या अंगावर किरण अडवणारा लेड एप्रन, पोरीच्या अंगावर नुसता गुलाबी कोट. असं चार वेळा. मी विचारलं तर हसली, "रोजचंच आहे दादा." बारावी झालीय, आठ महिने तिथे आहे, एक्सरेबद्दल कोणी चकार शब्द शिकवलेला नाही.
माझं म्हणणं सरळ आहे. मशीनपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचं करा, नसेल तर मशीन सील. कोणाला पटत नसेल तर बोला.

दाढदुखी
मला नाही पटत. मी स्वतः डेंटिस्ट, परळला सतरा वर्षं. तो डॉक्टर चुकला, त्यात वाद नाही. पण सील? दाताच्या एका छोट्या एक्सरेत पेशंटला साधारण पाच मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) मिळतात. काहीही न करता निसर्गातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (एक मिलि म्हणजे हजार मायक्रो) मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर २०२४ मध्ये पेशंटला एप्रन आणि थायरॉईड कॉलर (गळ्याभोवतीचं कवच) घालणंही थांबवा म्हटलं. मशीनची नोंदणी ईलोरावर, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पोर्टलवर, करतोच आम्ही. दीडशे फुटांचा गाळा, त्यात खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन). असिस्टंट सहा महिन्यांत दुसरीकडे जाते. दर वेळी नवीला कोर्सला पाठवायचं, तर ते पैसे शेवटी तुमच्याच बिलात येणार.

कॅसेटवाला
पालिकेच्या रुग्णालयात एक्सरे टेक्निशियन म्हणून ३१ वर्षं काढली, म्हणून बोलतो. डॉक्टरसाहेब, पाच मायक्रो हे पेशंटचे, आणि पेशंट वर्षातून चार एक्सरे काढतो. ती मुलगी दिवसाला दहा वेळा धरत असेल, आणि तिचं बोट थेट झोतात आहे. हातमोज्याने काय अडतंय?
एप्रनचंही तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच शिफारशीत झोत चौकोनी कॉलिमेटरने (झोत अरुंद करणारा तोंडाचा भाग) आवळा असंही आहे. तुमच्या मशीनला आहे का तो? बहुतेक ठिकाणी जुनी गोल नळीच दिसते.
आता नियम. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार किरणांशी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला वर्षाला १. मग ही पोरगी कुठल्या रकान्यात? कामगार म्हणावं तर शिक्षण नाही, डोस मोजणारा बॅज नाही. सामान्य म्हणावं तर झोतात बोट का?
आणि हे नवीन नाही. न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स, अमेरिकेत दाताचे एक्सरे काढणाऱ्या पहिल्या काही जणांतला. ट्यूब नीट चालते का हे स्वतःचा हात समोर धरून बघायचा. आधी बोटं गेली, मग हात, १९२८ मध्ये त्याने जीव दिला. तेव्हाच्या मशीन वेगळ्या होत्या, कबूल. बोट तेच आहे.

दाढदुखी
केल्स आणलात म्हणजे संपलंच! त्याच्या काळात एकेका फोटोला मिनिटं लागायची, आज सेकंदाचा अंश.
पण धरणं चूक, हे मी पहिल्याच ओळीत म्हटलंय. आमच्याकडे होल्डर वापरतो, सेन्सर तोंडात धरून ठेवणारा, दांडा बाहेर असलेला. दाढेला टोचतो, पेशंट कुरकुरतात. उमासा येत असेल तर नाकाने श्वास घ्यायला सांगतो आणि एक पाय वर उचलून धरायला लावतो. हसू नका, लक्ष पायाकडे जातं आणि काम होतं. नाहीच झालं तर सुन्न करणारा स्प्रे. बटण सहा फुटांवरून, झोताच्या रेषेत कोणी नाही. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, एवढं मी असिस्टंटला पहिल्या दिवशी दहा मिनिटांत शिकवतो. त्यासाठी सरकारी सर्टिफिकेट कशाला?

कॅसेटवाला
तुम्ही शिकवता. शनिवारच्या डॉक्टरने आठ महिन्यांत ती दहा मिनिटं काढली नाहीत. सक्ती त्याच्यासाठी.

गिरगावची_सुमा
मी चार वर्षं असिस्टंट होते. होल्डर आमच्याकडेही होता, ड्रॉवरमध्ये. तो ऑटोक्लेव्ह करायला वेळ जातो, बाहेर सात पेशंट बसलेले, म्हणून बोट. धरणार नाही म्हणायची सोय नसते, पगार रोख असतो. मला दिवस गेले तेव्हा मी सांगितलं, तर सर लगेच म्हणाले, अगं मग तू नको धरूस. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या दिवसापासून नवीन मुलगी धरायला लागली, एकोणीस वर्षांची.

दाढदुखी
सुमाताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी सील करण्याच्या मी विरोधातच.

मुलुंडचा_बाळ्या
मंगळवारी आईचं पुढचं सिटिंग आहे. मी सांगणार, एप्रन मला द्या, सेन्सर मी धरतो.

कॅसेटवाला
आधी होल्डर मागा. ड्रॉवरमध्ये असेल. तरीही धरायची वेळ आलीच, तर होल्डरचा दांडा बाहेरून धरा, बोट तोंडात घालू नका.