घरच्या स्टुडिओचा पैसा गाण्यात नाही, बोलण्यात आहे

कर्वेनगरचा ध्वनिवाला (धागाकर्ता)

पुण्यात घरातल्या एका खोलीत माइक, त्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा इंटरफेस आणि कॉम्प्युटर मांडून रेकॉर्डिंग करणारे आता गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या बहुतेकांचं गिऱ्हाईक एकच: कराओके ट्रॅकवर जुनं गाणं म्हणून घ्यायला येणारा हौशी गायक. माझं ठाम मत आहे की यावर पोट भरत नाही. ऑडिओबुक, पॉडकास्ट, क्लासवाल्यांचे रेकॉर्ड केलेले तास, कंपन्यांचं प्रशिक्षण अशा बोललेल्या आवाजाच्या कामाकडे वळा.

हिशोब बघा. समजा दर तासाला 500 रुपये. गिऱ्हाईक दोन तास गातं, 1000 रुपये देतं आणि जातं. मग चांगल्या ओळी निवडा, सूर सरळ करा, मिक्स करा, पाठवा. त्यावर फोन येतो, "आवाज जरा पुढे घ्या ना." परत करा. सहा तास आरामात जातात. म्हणजे आठ तासांचे हजार, तासाला 125 रुपये. एसीचं बिल वेगळंच. शिवाय ते गाणं यूट्यूबवर टाकलं की मूळ गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीचा दावा लागतो आणि जाहिरातीचा पैसा तिकडे जातो. ज्या गाण्यातून गिऱ्हाइकाला कधीच काही मिळणार नाही, त्यासाठी तो जास्त का मोजेल?

बोललेल्या कामाचा दर तयार झालेल्या तासावर ठरतो. तयार एका तासामागे वाचन, चुका काढणं आणि पुन्हा ऐकणं धरून पाच-सहा तास लागतात, पण ते दर सांगतानाच धरता येतात. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अॅप 2017 साली भारतात आल्यापासून मराठी ऑडिओबुक ऐकणाराही तयार झाला आहे.

आणि खोली. आपल्या फ्लॅटमधली खोली 10 बाय 10 फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, म्हणजे दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. खोली चौरस, म्हणून दोन्ही दिशांनी तोच सूर घुमतो आणि जास्तच उठून येतो. निवेदनात 80 हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं तरी काही बिघडत नाही. बेस गिटार किंवा बायाँ (तबल्याचा डग्गा) असेल तर नेमकं तेच हवं असतं. आपली खोली बोलण्याला पुरते, गाण्याला पुरत नाही.

ट्रॅकवाले काका (सिंहगड रोड)

अजिबात पटलं नाही. तासावर दर लावता म्हणून तुमचा हिशोब तोट्यात येतो. मी तास विकतच नाही, गाणं विकतो. एका गाण्याची एक रक्कम, त्यात दोन दुरुस्त्या, तिसरीपासून वेगळे पैसे, आणि हे सगळं माइकसमोर उभं राहण्याआधी व्हॉट्सअॅपवर लिहून दिलेलं असतं.

माझ्याकडे येणारे बरेचसे निवृत्त लोक आहेत. बँकेतले, शाळेतले, एसटीतले. पैसे निघताना तिथल्या तिथे यूपीआयवर देतात. तुमच्या कंपनीवाल्यांचं बिल तीन-तीन महिने अडकतं, ते हिशोबात का नाही धरलं? आणि हे लोक परत येतात. एकाचं गाणं ग्रुपवर गेलं की त्याच्या कराओके क्लबातले आणखी येतात. आयुष्यभर गाणं मनात ठेवून नोकरी केलेल्या माणसाला साठीनंतर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज नीट ऐकू येतो, तेव्हा त्याचा चेहरा बघा. या कामाला हलकं म्हणू नका.

आवाजी (विमाननगर)

मी निवेदनाची कामं घरूनच करते. कपड्यांच्या कपाटासमोर, मागे गाद्या उभ्या करून. धागाकर्त्याचं खोलीबद्दलचं बरोबर आहे, पण बाजाराबद्दलचं नाही.

कंपन्यांचं प्रशिक्षण, फोनवरच्या सूचना, अॅपमधली माहिती ही सगळी कामं एआयच्या आवाजाकडे चालली आहेत. गेल्या वर्षापर्यंत नियमित काम देणारे आता मशीनचा आवाज पाठवतात आणि "यातले उच्चार तेवढे सुधारून द्या" म्हणतात, चौथाई पैशात. टिकलंय ते अभिनयाचं काम. कथेत मालवणी आजी आणि नागपूरचा हवालदार बोलायचा असेल तर अजून माणूसच लागतो. पण त्यासाठी आवाज घडवलेला हवा, नुसता माइक घेऊन भागत नाही. नव्या माणसाला "बोलण्याकडे वळा" सांगताना हे सांगायलाच हवं. आणि करारात एक ओळ घाला: माझ्या रेकॉर्डिंगवरून कृत्रिम आवाज तयार करायचा नाही. मी ती ओळ नसेल तर सही करत नाही.

दुसरं, शांतता. ऑडिबल या ऑडिओबुक सेवेसाठी रेकॉर्डिंग घेणाऱ्या एसीएक्सची अट घ्या. कॉम्प्युटरमधली कमाल पातळी शून्य धरून: सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, सर्वोच्च उणे 3, आणि मागची खरखर उणे 60 च्या खाली. लोहगावची विमानं डोक्यावरून जात असताना हे दिवसा जमत नाही. मी रात्री उशिरा वाचते.

खर्जातला सा

मी तबला वाजवतो. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्यात संगीत कुठे आहे?

घरच्या स्टुडिओंमुळे आता आम्ही एकेकटे जातो. कानात लयीची टिकटिक (क्लिक), समोर भिंत. गायिका परवा येऊन गेलेली असते, बासरीवाला पुढच्या आठवड्यात येणार असतो. तिने एखादी जागा घेतली तर मी तिहाईने उत्तर देणार कसं? मोठ्या हॉलमध्ये सगळे एकत्र बसून वाजवायचे तेव्हा ते आपोआप व्हायचं. स्वस्त खोल्यांनी दर इतके पाडले की मोठी खोली ठेवणं कुणाला परवडत नाही, आणि त्याला तुम्ही दोघेही जबाबदार आहात असं मला वाटतं.

निदान एवढं करा. ताल आणि वाद्यं मोठ्या स्टुडिओत एका दिवसात एकत्र घ्या. गायन, दुरुस्ती आणि मिक्स घरी. गिऱ्हाइकाला दोन्हीचं वेगळं बिल दाखवा. आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून आवाज बाहेर जायचा थांबत नाही, हे एकदा सगळ्यांनी मान्य करा. त्याला जड भिंत आणि मध्ये पोकळी लागते.

तिसऱ्या मजल्यावरची

आमच्या इमारतीत असा एक स्टुडिओ आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल आहे, 2000 सालच्या नियमांनुसार. तरी आवाजाचा त्रास दुय्यम आहे. अनोळखी माणसं दिवसभर लिफ्टने वर जातात, चुकीची बेल वाजवतात, पार्किंगमध्ये कुणाच्याही जागेत गाडी लावतात. कमावणाऱ्याने सोसायटीला आधी विचारावं, एवढीच अपेक्षा आहे.

कर्वेनगरचा ध्वनिवाला

यांच्या मुद्द्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. निवेदक महिन्यात चारदा येतो किंवा फाईल पाठवतो. गाणारे रोज येतात, तेही घरच्यांना घेऊन.

काका, दोन दुरुस्त्यांची अट चांगली आहे, मी उचलतो. पण गणपतीच्या आधीचे दोन महिने काय करता? संध्याकाळी म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंत नदीकाठी पथकांचा सराव, आणि तुमचे गायक संध्याकाळीच येतात. ढोलाचा ठोका खिडकी बंद करून अडत नाही.

ट्रॅकवाले काका

त्या दिवसांत सकाळी सात ते अकरा घेतो. निवृत्त माणसाला सकाळ चालते, तुमच्या ऑफिसवाल्या पॉडकास्टरला चालत नाही!

धायरीचा पोऱ्या

तिसरा मार्ग कुणी बोलतच नाहीये. रॅप आणि स्वतःची गाणी करणारी मुलं. पैसे नसतात, पण गाण्याच्या कमाईतला निम्मा वाटा द्यायला तयार असतात. एखादं चाललं तर?

कर्वेनगरचा ध्वनिवाला

वाट्यावर काम करू नकोस. स्पॉटिफाय 2024 पासून बारा महिन्यांत 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच देत नाही, आणि बहुतेक नवी गाणी त्याखालीच राहतात. कमी घे, पण रोख घे.

खर्जातला सा

ध्वनिवाले, इथे मी तुमच्या विरोधात आहे. पुण्यात नवं गाणं होणार असेल तर ते याच मुलांकडून. पोऱ्या, वाटा घे, पण आधी कागद कर. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. खोली आणि माइक तुझे आहेत म्हणून रेकॉर्डिंग तुझं होत नाही. तो हक्क 60 वर्षं चालतो, तेव्हा कुणाचा किती हे पहिल्या टेकच्या आधी लिही. आणि तालासाठी कुणाला बोलावलंस तर त्याची बिदागी त्याच दिवशी दे, वाट्यात धरू नकोस.