जुन्या पियानोचं मधलं पेडल बिघडलंय का?

राजारामपुरीची पेटीवाली:
नमस्कार मंडळी. मी वीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते. गेल्या महिन्यात लेकीसाठी जुना उभा पियानो घेतला, जिन्यावरून चढवायला सहा माणसं लागली. खाली पितळेची तीन पेडल्स आहेत. सासऱ्यांच्या पायपेटीसारखी हवा भरायला असतील असं आधी वाटलं, पण पाय न लावताही तो वाजतो. उजवं दाबलं की सूर रेंगाळतो, डावं दाबलं की जरा मऊ होतो. मधलं दाबून डावीकडे सरकवलं तर तिथंच अडकून बसतं आणि आवाज घोंगड्याखालून आल्यासारखा येतो. विकणारा म्हणाला, "ते बिघडलंय, हात लावू नका." दुरुस्त करून घेऊ का? शिवाय लेक उजवं पेडल सोडतच नाही, सगळा गलका होतो.

तारकाका, मंगळवार पेठ:
ताई, मधलं अजिबात बिघडलेलं नाही. वरचं झाकण उघडा आणि लेकीला ते दाबायला सांगा. तारांवर आपटणाऱ्या हातोड्या आणि तारांच्या मधे लोकरीच्या नमद्याची (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाची) एक लांब पट्टी खाली उतरेल. रात्री शेजारच्यांची झोप न मोडता रियाज करता यावा म्हणून ती सोय आहे, आणि अडकतं ते मुद्दाम, सारखा पाय द्यावा लागू नये म्हणून. आडव्या ग्रँड पियानोत मधल्याचं काम वेगळं. दाबताना ज्या पट्ट्या बोटाखाली असतील तेवढेच सूर ते धरून ठेवतं. त्याचं पेटंट स्टाइनवेनं 1874 मध्ये घेतलं.

डावं पेडल तुमच्या पियानोत हातोड्या तारांजवळ आणतं. धाव कमी, म्हणून घाव हलका. ग्रँडमध्ये मात्र सगळ्या पट्ट्या हातोड्यांसकट बाजूला सरकतात आणि तीन तारांच्या जागी दोनच वाजतात.

आता उजवं. माझा जीव याच्यावर आहे. मी मिरजेत सतारीचं काम शिकलो, पियानो नंतर हातात आला. प्रत्येक सुराच्या तारांवर नमद्याची छोटी गादी टेकलेली असते. एक पट्टी दाबली की तिचीच गादी उठते, पेडल दाबलं की सगळ्या उठतात. (वरच्या साधारण दीड सप्तकाला गाद्याच नसतात.) मग दोनशेवर तारा सतारीच्या तरफांसारख्या, म्हणजे न छेडता झंकारणाऱ्या खालच्या बारीक तारांसारख्या, मोकळ्या होतात. झाकण उघडं ठेवून पेडल दाबा, लेकीला तारांकडे तोंड करून जोरात सा लावू दे आणि एकदम थांबू दे. पुढं काय होतं ते ऐका.

गलका होतो कारण मागचा सूर पुढच्यात मिसळतो. नवा सूर वाजला की त्याच क्षणी पाय वर, लगेच परत खाली. पट्टीबरोबर पाय दाबायचा नाही, पट्टीच्या मागून. टाच जमिनीलाच टेकलेली हवी.

शाहूपुरी 7:
माझ्याकडं डिजिटल आहे, त्याचं पेडल उलटं चालायचं, पाय काढला की सूर रेंगाळायचा. स्विच बंद करून पेडल जोडलं, त्यावर पाय न ठेवता परत सुरू केलं, तेव्हा सरळ झालं. कुणाला उपयोग झाला तर.

राजारामपुरीची पेटीवाली:
काका, लेकीनं सा लावला, थांबली, आणि आतून तोच सा परत आला! तिनं आठ-दहा वेळा केलं, मग मी केलं, मग सासऱ्यांनी केलं. ते बराच वेळ तिथंच उभे होते. पण झाकण उघडल्यावर दिसलं, मधल्या पेडलच्या नमद्याच्या पट्टीला काळी चारच्या सुराच्या आसपास कसर लागलीय, दोन भोकं आहेत. आणि पियानो पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला लागून आहे.

तारकाका, मंगळवार पेठ:
आजच भिंतीपासून हलवा, शक्यतो आतल्या भिंतीला घ्या. कोल्हापुरातल्या जुलै-ऑगस्टात तारा गंजतात, गाद्या फुगतात. पट्टी बदलायची तर नमदा शुद्ध लोकरीचा घ्या आणि जुन्या पट्टीची जाडी कसर न लागलेल्या जागी मोजा. जाड बसला तर हातोड्या अडतील. तोवर आतले नमदे ब्रशनं झाडून घ्या, कसर गाद्यांवर जायला नको.