मदत हवी आहे: नाताळच्या सरावात बालवर्ग कसा आवरायचा?

धुळ्याकडच्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या बालवर्गात ३ ते ५ वर्षांची १६ मुलं आणि आम्ही दोघी शिक्षिका. आगमनकाळ (नाताळच्या आधीचे चार आठवडे) लागला की वर्गाची घडी मोडते. रात्री घरोघरी गाणी गात फिरणाऱ्यांसोबत मुलंही जागतात, सकाळी थंडी, त्यात अर्धी उपाशीपोटी येतात. त्यामुळे आधी शेंगदाणे-गूळ नाही (बारक्यांना दाणा ठसकतो), केळं देतो. मग ५ मिनिटं गोष्ट, हातवाऱ्यांचं गाणं, आणि येशूजन्माच्या नाटुकल्याचा सराव जास्तीत जास्त १० मिनिटं.

सूचना अहिराणीत, एका वेळी एकच. ‘उठा, काठी ठेवा, रांगेत या’ एकदम सांगितलं तर फक्त उठणं होतं. मेंढपाळांच्या काठ्या गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या, म्हणजे लागलं तरी निभावतं. गव्हाणीत कडब्याऐवजी पिवळी लोकर, कारण कडब्याची पात हाताला कापते. झिरमिळ्या मात्र बंदच, तोंडात जातात.

अडतंय ते पंखांपाशी. देवदूत चार, पंख सगळ्यांना हवेत. पाळीपाळीनं दिले तर काढून घेताना रडारड, सगळ्यांना केले तर मेंढपाळ कुणी व्हायचं?

दुसरं, एक मुलगा ढकलतो, चावतो. दाराशी नेऊन बसवलं की त्याला तेच आवडतं, परत तेच करतो. शेजारी बसवून पाळण्यातली बाहुली धरायला दिली तर शांत राहतो, पण मग बाकीची रुसतात.

चॉकलेटचं आमिष नको आहे. ओरडणं तर नाहीच. बालवाडी-अंगणवाडीवाल्या ताईंनो, तुम्ही काय करता?