कोल्डरूमच्या फरशीखालच्या फोमला वाळवी लागू नये म्हणून काय करावं?

द्राक्ष_निफाड: २० बाय ३० फुटांची कोल्डरूम बांधतोय. जोत्यात दोन फूट मुरूम भरून धुमस झालंय. वर सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), मग ५० मिमी एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा दाट) फोमचे दोन थर आणि १०० मिमी काँक्रीट. शेजारच्या बांधावर वारुळं आहेत. ठेकेदार म्हणतो, आत शून्य डिग्री असणार, वाळवी येईलच कशाला? फार तर फोमवर क्लोरपायरीफॉस (वाळवीचं औषध) मारून देतो. चालेल का?

साइटवाला: दोन्ही गोष्टी चूक. थंडी फोमच्या वर असते, खालचा थर जमिनीच्याच तापमानाला राहतो आणि तिथे ओलही टिकते. वाळवी फोम खात नाही, त्यात तिला खायला काहीच नाही. पण पोखरून वाट करते, आत माती भरते आणि भिंतीतल्या लाकडापर्यंत पोहोचते. वर काँक्रीट, खाली पीसीसी. वाळवी ये-जा करते ती मातीची नळी डोळ्यांना दिसतच नाही. कळतं तेव्हा दाराची चौकट पोकळ झालेली असते.

दुसरं म्हणजे क्लोरपायरीफॉस २० ईसी हे सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं औषध, आणि ते सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन विरघळवतं. एक्सपीएस असो की थर्माकोल, पृष्ठभागावर खड्डे पडतात. औषध मातीला द्यायचं, फोमला नाही.

पेस्टकंट्रोल_नाशिक: आयएस ६३१३ भाग २ (वाळवी प्रतिबंधाचं भारतीय मानक) प्रमाणे आडव्या पृष्ठभागाला चौरस मीटरला ५ लिटर द्रावण, पायाच्या उभ्या बाजूंना ७.५ लिटर. तुमची खोली साधारण ५६ चौ. मी., म्हणजे २८० लिटर. आतला घेर ३०.५ मीटर, भराव ०.६ मीटर, म्हणजे उभे १८ चौ. मी. आणि आणखी सुमारे १४० लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी लिटरला २.१ मिली धरलं तर एकूण ८८० मिली लागेल. लिटरची एक बाटली घ्या. एससी म्हणजे पाण्यातलं औषध, त्यामुळे फोमच्या दृष्टीनेही निर्धोक.

फवारणी सोलिंगच्या आधी. धुमस केलेल्या मुरमावर द्रावण नुसतं वाहून जातं, ही नेहमीची गफलत. १२ मिमी सळईने १५ सेंमी अंतरावर दोन्ही दिशांनी ५ ते ७.५ सेंमी खोल भोकं पाडा, मगच ओता. भिंतीलगत ३ सेंमीचा चर काढून त्यात सळई खोल ठोका आणि खालपर्यंत मुरू द्या. भराव आधीच झालाय, त्यामुळे उभ्या बाजूंना औषध पोहोचवायची हीच वाट. जमीन ओली असताना करू नका.

साइटवाला: त्यावर भर. फोमखालच्या पॉलिथिनने ओल अडते, वाळवी नाही. ती तो प्लास्टिकचा कागद कुरतडते. शटरिंगच्या फळ्या, खुंट्या, सिमेंटच्या गोण्या जोत्यात गाडू नका. बाहेरून जोत्याचा १५ सेंमी पट्टा उघडा ठेवा. त्यावर माती किंवा पाचट चढलं की नळी दिसणार कशी? फोमची कडा बाहेर उघडी ठेवली असेल तर ती प्लास्टरने नव्हे, पत्र्याने झाका. प्लास्टरला भेग गेली की वाळवीला तेवढी पुरते. पाइपांभोवती ३१६ स्टेनलेसची बारीक जाळी (छिद्र ०.६६ × ०.४५ मिमी) मिळाली तर क्लॅम्पने आवळून पीसीसीत गाडा.

द्राक्ष_निफाड: ड्रेनचा पाइप पीसीसीनंतर फोडून टाकायचा ठरलाय. फवारणी आधी होईल. अडचण?

पेस्टकंट्रोल_नाशिक: हो. औषध दिलेली माती खणली की तेवढा पट्टा उघडा पडतो, आणि वाळवी बहुतेकदा पाइपाच्या कडेनेच चढते. ड्रेन आणि वायरिंगचे स्लीव्ह (बाहेरचे नळ) फवारणीआधी बसवून घ्या. नाहीच जमलं, तर पीसीसी फोडल्यावर चराच्या तळाला व बाजूंना पुन्हा त्याच प्रमाणात द्रावण द्या, आणि मुरल्यावरच काँक्रीट भरा. बाटलीत उरलेलं सुमारे १२० मिली औषध त्यासाठी ठेवा.